चौथी वाट

प्रेस्कटमध्ये आता घड्याळं कुणी बनवत नाही.
मी दुरुस्त करतो फक्त, चर्चच्या उतारावर,
जिथं एकेकाळी घरोघरी कानशी घडायच्या.
माझी वरची दाढ दोन महिने
रात्री अडीचचे ठोके देत होती.

लवंग झाली. मीठपाणी झालं.
मावशीनं फोनवर सांगितलेलं सगळं झालं.
शेवटी डॉक्टर नेरिस प्यू यांच्या खुर्चीत
उताणा पडलो,
झाकण उघडायला दिलेल्या घड्याळासारखा.

"नस मेलीय का?"
"अर्धी," त्या म्हणाल्या. "उरलेली अर्धीच जास्त बोलते."

सुई. गाल परक्याचा झाला.
हिरवं रबर ताणून त्यांनी दाढ वेगळी काढली,
भांडणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभं करावं तशी.
माझा धंदा त्यांना ठाऊक होता.
"हे हत्यार तुमच्याच लोकांकडून उचललंय,
अमेरिकेत कुणी घड्याळाची स्प्रिंग घासघासून
मुळात उतरणारी सुई केली.
पावणेदोनशे वर्षं उलटून गेली.
त्याआधी तापलेली तार. नाहीतर सोमल."
मला बोलता येत नव्हतं.
भुवई उचलली, हिशेबात धरा म्हणून.

मग पांढरी, पिवळी, तांबडी, निळी,
एकीहून एक जाड कानस,
दोन बोटांत फिरत होती
जशी मी बायकी घड्याळाला चावी देतो:
पाव फेरा पुढं, जरा मागं,
जोर नाही.
जोर केला की मोडतं, आणि मोडलेलं आतच राहतं.
मध्येच पिचकारी, पोहण्याच्या तलावाचा वास.
तळ जवळ आला की यंत्र टुकटुकायचं.
नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, ऋषीचं कूळही;
दाढेबद्दल म्हणीत काही नाही.

एडनाबाई लोमॅक्स आठवल्या.
एकविसाव्या वाढदिवसाला बापानं भेट दिली,
सगळे दात उपटून नवी कवळी.
चांगले होते तेही? तेही.
पुढं सासरी खर्च नको.
मेलेला दात रक्तात विष कालवतो
असं मोठमोठे डॉक्टर सांगून गेले होते;
सांधे धरले, दात काढा. डोकं फिरलं, दात काढा.
मी त्यांना म्हटलं, आमच्यात दात काढणं म्हणजे हसणं.
त्यांचा हात सवयीनं तोंडावर गेला.
मग हाताआडून हसल्या, बराच वेळ.

तीन वाटा झाल्या. डॉक्टरीणबाई थांबेनात.
"चौथी असते पुष्कळांना. दिसत नाही, इतकंच."
भिंगावर वाकल्या. भिंतीवरचं घड्याळ
चार मिनिटं पुढं होतं, मी मोजत राहिलो.
"सापडली!"
गालिच्यात पडलेला केसाएवढा स्क्रू
मिळाल्यावर मी ओरडतो, तसंच.

त्या वाटेत काय होतं कोण जाणे.
धाकट्यानं आण्णांचं भिंग भंगारात घातलं
तेव्हापासून मी त्याच्यावर दात धरून आहे.
एकोणीस वर्षं. बहुधा हाच दात.

शेवटी गुलाबी काड्या आल्या. गटापारचा!
ताईच्या बाहुलीला आम्ही हेच नाव द्यायचो,
ती कशाची होती देव जाणे.
मलायातल्या झाडाचा चीक.
समुद्राच्या तळाशी तारांना तोच गुंडाळला होता,
मुलखामुलखातले निरोप पोचावेत म्हणून.
माझ्या दाढेत तोच भरला,
निरोप जाऊ नये म्हणून.

घरी आलो. गार पाणी त्याच बाजूनं प्यालो.
डोळे मिटून थांबलो.
आलं नाही काही. जरा चुकल्यासारखं झालं.

अडीचला जाग आलीच.
खाली दुकानात सतरा घड्याळं,
एकाचं दुसऱ्याशी जमत नाही.
तासगावात सात वाजले असतील.
धाकटा मोरीपाशी उभा असेल,
दात घासत.